भंगारात द्या, पण फोडून नको

संपादक महोदय,

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरचा जुना डबा-टीव्ही, बंद इन्व्हर्टर आणि ड्रॉवरमधले चार-पाच मोबाइल दारावरच्या भंगारवाल्याकडे जातात. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तो वजनाचे आणि तांब्याचे पैसे मोजतो; अडचण नेमकी तिथेच आहे. डबा-टीव्हीत त्याच्या कामाचं म्हणजे चित्रनळीच्या मानेवरचं तांब्याचं वेटोळं आणि थोडंफार सर्किट. काचेला गिऱ्हाईक नाही, आणि तिच्या मागच्या नरसाळ्यासारख्या भागात सुमारे पाचवा हिस्सा शिशाचं ऑक्साइड असतं. मान मोडून तांबं निघतं, काच नाल्याकाठी पडते. फ्रिजचा कॉम्प्रेसर काढताना नळी कापली की गॅस हवेत, बॅटरीतलं आम्ल गटारात. म्हणून वस्तू अखंड द्यावी. कॉम्प्रेसर किंवा मोटर आधीच विकून नुसता सांगाडा पुढे केला, तर पुनर्चक्रण करणाऱ्यालाही त्यात फारसं काही उरत नाही.

बॅटऱ्या मात्र सहज निघत असतील तर वेगळ्याच ठेवाव्यात. घंटागाडीत टाकलेली पॉवर बँक कचरा दाबणाऱ्या यंत्रात चिरडली की आत शॉर्ट होऊन पेट घेते. लिथियम बॅटरीच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी. फुगलेली असेल तर चार्ज करू नये, दाबू नये, टोचू तर मुळीच नये. कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, कापड-कागदापासून दूर ठेवून लवकर रवाना करावी. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच न्यावी आणि विक्रेत्यालाच परत करावी, तिचे पैसेही मिळतात.

मोबाइल देताना क्रम चुकतो. आधी फोटो आणि यूपीआय नव्या फोनवर घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढा, मग गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडा, आणि सगळ्यात शेवटी रीसेट. खातं तसंच ठेवून बटणं दाबून रीसेट केलेला फोन पुढच्या माणसाकडे जुनाच पासवर्ड मागत बसतो. चांगला चालणारा फोन मग सुट्या भागांच्या भावानं जातो. संगणकाच्या हार्ड डिस्कला ‘क्विक फॉरमॅट’ पुरत नाही, त्यानं फक्त फायलींची यादी पुसली जाते. पूर्ण डिस्कवर एकदा नवी माहिती लिहून घ्यावी. एसएसडीला (फिरत्या चकत्यांऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला) हा उपाय लागू पडत नाही, तिच्यासाठी कंपनीची ‘सिक्युअर इरेज’ सोय वापरावी. सुरूच न होणारी डिस्क मात्र काढून भोक पाडावं (अखंड देण्याच्या नियमाला हा अपवाद). लॅपटॉपच्या काही डिस्कच्या चकत्या काचेच्या असतात, डोळ्यांवर चष्मा हवाच.

१ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत वस्तूंची यादी २१ वरून १०६ वर गेली. इस्त्री, टोस्टरही त्यात आहेत. बॅटऱ्यांसाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत. मात्र या नियमांत नोंदणी असते ती उत्पादक, नूतनीकरण करणारे आणि पुनर्चक्रण करणारे यांची; नुसता माल गोळा करणाऱ्याची स्वतंत्र नोंदणी नाही. त्यामुळे ‘आम्ही अधिकृत आहोत’ एवढ्यावर भागत नाही. माल शेवटी कोणाकडे जातो ते नाव विचारावं, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर ते पडताळावं आणि वजनाची पावती घ्यावी. ‘जुनं द्या, नवं घ्या’ योजनेतल्या दुकानदारालाही हाच प्रश्न विचारायला हरकत नाही.

दोन-तीन किलोंसाठी टेम्पो कोणी पाठवत नाही, हे खरं. पण पन्नास-साठ घरांच्या सोसायटीनं वर्षातून एकदा माल एकत्र केला तर येतो. जिन्याखाली नव्हे, तर छताखालच्या मोकळ्या, कोरड्या जागी तीन खोकी पुरतात: वायरी-चार्जर, मोबाइल-लॅपटॉप आणि ट्यूब-सीएफएल. बॅटऱ्या त्यात नकोत. ट्यूबमध्ये पारा असतो, त्या मूळ पुठ्ठ्यात उभ्या ठेवाव्यात. फुटलीच तर खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबावं, झाडू न मारता तुकडे पुठ्ठ्यानं उचलावेत आणि बारीक चुरा चिकटपट्टीनं टिपावा. संकलनाचा दिवस दिवाळीआधी ठेवू नये. पाडव्याला नवा टीव्ही-फ्रिज घरात आला की जुना बाहेर निघतो, तेव्हा त्यानंतरचा रविवार बरा.

– ई-कचरा संकलनाच्या कामातील एक वाचक, ठाणे