त्या खोडलेल्या शून्याबद्दल

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही दुसऱ्या हॉटेलात गेलात त्याच आठवड्यात हे पत्र लिहायचं होतं. दोनदा बसलोही, पण ‘मनःपूर्वक आभार’च्या पुढे गाडी सरकेना. काल माझा पहिला मोठा ग्रुप चेक-आउट झाला. ६० खोल्या, तीन रात्री. जाताना त्यांच्या आयोजक बाईंनी पुढच्या वर्षीच्या तारखांचं स्वतःहून विचारलं. त्यांची बस फाटकाबाहेर पडली आणि मला भरूनच आलं. तुम्हाला सांगायचं होतं, आणि तुम्ही समोरच्या केबिनमध्ये नव्हतात.

मी ११ वर्षं औषध कंपनीत मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह (एमआर) होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याकडे येण्याआधी पाच ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या, हे मी कधी बोललो नाही. एका ठिकाणी दोन तास लॉबीत बसवून ठेवलं, मग बायोडेटाचं पहिलं पानही न उलटता विचारलं, “हॉटेल मॅनेजमेंट केलेलं नाही? मग आलात कशाला?” दुसरीकडे एकजण शेजारच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, “इथे गोळ्या विकायच्या नाहीत.” नकाराचं मला काही वाटत नाही, तो त्यांचा अधिकार. पण समोर बसलेल्या माणसाची ११ वर्षं अशी फुंकर मारून उडवायची? तो राग अजून गेलेला नाही आणि तो लपवावा असंही वाटत नाही.

खरं वाईट पुढेच होतं. तुमच्याकडे पोचेपर्यंत मलाही त्यांचं पटायला लागलं होतं. अर्जात ‘संबंधित अनुभव (वर्षे)’ असा रकाना होता, त्यात मी स्वतःच्या हाताने ० लिहिलं.

तुम्ही त्या शून्यावर काही बोलला नाहीत. विचारलंत, “डॉक्टर भेटायचेच नाहीत, तेव्हा काय करायचात?” मी सांगत गेलो. कुठल्या वारी गर्दी कमी असते हे कंपाउंडरला विचारून ठेवायचो. समोरच्या केमिस्टकडे कुठला माल हलतो ते आधी बघायचो. तीन फेऱ्या फुकट गेल्या तरी चौथीला तितक्याच नीट कपड्यात जायचो. तुम्ही मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाहीत. मग पेन उचललंत, ते शून्य एका रेघेत खोडलंत, वर ११ लिहिलंत आणि शेजारी छोटी सही केलीत. म्हणालात, “खाडाखोडीला सही लागते, नाहीतर एचआर परत पाठवतं.” एवढंच.

तुम्हाला कदाचित हे आठवतही नसेल. मला त्या शाईचा रंगसुद्धा आठवतोय. नोकरी नंतर लागली. माझी ११ वर्षं मला त्या क्षणी परत मिळाली.

पुढचं सगळं तुम्ही शिकवलंत. औषधाची एक्स्पायरी महिन्यांत मोजायची सवय असलेल्या मला तुम्ही सांगितलंत, “खोलीची एक्स्पायरी एका रात्रीची. आज रिकामी राहिली ती उद्या विकता येत नाही.” ते ऐकून मी घाबरलो आणि जो येईल त्याला दर पाडून द्यायला निघालो, तेव्हा फंक्शन शीटच्या मागच्या बाजूला तुम्ही गणित मांडलंत. १०० पैकी ७५ खोल्या पूर्ण दराने गेल्या तर हातात ७५ खोल्यांचे पैसे. दर २० टक्के पाडून ९० भरल्या तर ७२ खोल्यांचे, आणि वर १५ खोल्या जास्त साफ करायच्या. तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

आणि त्या सकाळच्या मीटिंगमध्ये कोणीतरी मला ‘बाहेरचा’ म्हटलं. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, “मागणी बघून दर हलवायची पद्धत हॉटेलांनी विमान कंपन्यांकडून घेतली, १९८० च्या दशकात. बाहेरचं नकोच असेल तर आधी ती सोडू.” कोणी पुढे बोललं नाही. तुम्ही लगेच पुढच्या ग्रुपच्या कट-ऑफ तारखेवर, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या खोल्या कधीपर्यंत धरून ठेवायच्या त्यावर आलात, जणू काही झालंच नव्हतं.

चांगली माणसं असं काही करतात आणि त्याचा गाजावाजा करत नाहीत, म्हणून त्यांचं मोल कोणी मोजत नाही. हुशार माणसं मी दोन्ही धंद्यांत पुष्कळ पाहिली. अधिकार हातात असताना समोरच्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारी मोजकीच भेटली. त्यांत तुमचं नाव पहिलं.

त्या आयोजक बाईंना पुढच्या वर्षीचा दर मी अजून दिलेला नाही. तुम्ही आधी विचारलं असतंत, “त्या तारखांना आपल्याकडे अजून कोण येतं? ह्या ६० खोल्या दिल्या तर कोणाला नाही म्हणावं लागेल?” मागच्या दोन वर्षांचे आकडे काढायला बसलोय. उद्या दुपारपर्यंत त्यांना कळवायचंय.

आपला,
तुमच्या टीममधला जुना एमआर