बाईंच्या सभेहून आल्यावर

चि. मुकुंद यास अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या गाण्याच्या बाईंची शोकसभा झाली. तुला रजा मिळाली नाही, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. शाळेचा हॉल भरून मुलं जिन्यात उभी होती. मुलं कसली, निम्म्यांना टक्कल पडलंय. भाषण कुणालाच धड जमलं नाही. मग कुणीतरी पेटी पुढे ओढली आणि सगळ्यांनी प्रार्थना म्हटली, बाईंच्याच उंच पट्टीत, काळी चारमध्ये. बाप्यांना ती पट्टी झेपेना, पण खाली उतरायला एकही तयार नाही.

शिपाईकाका सांगत होते, पावसाळ्यात पेटीच्या पट्ट्या फुगतात म्हणून बाई कपाटात बल्ब लावून ठेवायच्या. रविवारी नौपाड्यातून छत्री घेऊन यायच्या, तो चालू आहे ना बघायला.

तू फोनवर म्हणालास ते आईला अजून सांगितलेलं नाही. नोकरी सोडून शाळेत गाणं शिकवणार. बरं. पण जागा आहेत कुठे? शिक्षणहक्क कायद्यातच लिहिलंय, सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तर कलेला अर्धवेळ निदेशक. अर्धवेळ! त्यात चित्रकलाही आली. बाईंचीही सुरुवातीची कितीतरी वर्षं अशीच गेली. वागळे इस्टेटमधली यजमानांची कंपनी बंद पडली तेव्हा संध्याकाळी घरी शिकवण्या. तुला न्यायला यायचो तर दाराबाहेर चपलांचा ढीग, आत पोरं भूप राग घोटतायत, आणि तू हटकून मध्यम, म्हणजे 'म', लावायचास. भुपात मध्यम नसतो हे मलाही तिथेच जिन्यात उभ्या उभ्या कळलं. बाई रागावल्या नाहीत. "लाव हवा तर. मग त्याला भूप म्हणू नकोस."

आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती, हीसुद्धा त्यांनीच सांगितलेली गोष्ट. तू जेवताना आम्हाला अशी सुनावलीस, जणू बंदी मीच घातली होती.

पण घराचा हप्ता कसा भरणार? मे महिन्यात पगार देतात का अशा लोकांना? बघ, पुन्हा माझं भाषण सुरू झालं. चिडू नकोस, राहवत नाही. ताईच्या वेळी मी चकार शब्द काढला नव्हता, हे तुला माहीत आहे.

काल मुख्याध्यापिकांनी विचारलं, मुकुंद सध्या काय करतो? मी कंपनीचं नाव सांगणार तोच तुझ्या वर्गातला तो दाढीवाला म्हणाला, "गातो ना अजून?" मी हो म्हणून टाकलं. म्हणताना बरं वाटलं, उगीच कशाला लपवू.

तेव्हा एवढं कर. गाण्याची विशारद प्रथम करून थांबलायस, ती विशारद पूर्णची परीक्षा आधी दे. त्या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळात वाशीला मी चौकशी करून येतो, ठाण्याहून लोकलनं अर्ध्या तासाचा तर प्रश्न. तोवर राजीनामा नको. आजोबांच्या पेटीचा भाता फाटलाय, दुरुस्तीला टाकू का ते कळव. आणि आत्याला फोन कर, दोनदा विचारलंय तिनं.

बाबा