प्रसादरावांनी पुन्हा खण बदलायला सांगितले तर

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

ओट्याखालच्या खणांचा आराखडा पुन्हा बदलला, तिनाचे चार झाले, हे कळलं. प्रसादरावांवर चिडू नकोस. रोजचा स्वयंपाक ते करतात, आणि झारा कुठे अडेल, डबा कुठे हाताशी हवा, हे कागदावर कुणालाच दिसत नाही. ओट्यापाशी उभं राहिलं की दिसतं. बदल होणारच असं धरून कामाचा क्रम लाव. जे बदलणार नाही ते आधी काप, बाकीचं जमेल तितकं उशिरा.

न बदलणारं माप म्हणजे रुंदी. सांगाडा, म्हणजे खण ज्यात बसतात ती बाहेरची पेटी, बाहेरून 600 मिमी, दोन्ही बाजू 18 च्या प्लायच्या, म्हणजे आत 564. टेलिस्कोपिक चॅनलला, म्हणजे खण ज्यावर सरकतो त्या छऱ्यांच्या पट्ट्यांना, दर बाजूला तेरा मिमी धर, म्हणून खणाची बाहेरची रुंदी 538. पण हे हिशेबातले आकडे झाले. बाजारातला 18 चा प्लाय बरेचदा साडेसतराच भरतो, म्हणून सांगाडा उभा राहिल्यावर आतली रुंदी पुढे, मध्ये आणि मागे मोज आणि सगळ्यात लहान आकड्यातून 26 वजा कर. खण मिलिमीटरभर अरुंद झाला तर चॅनलमागे सनमायकाची पट्टी घालून भागतं. रुंद झाला तर चॅनल आवळतं, ओढताना खण मध्येच जड होतो आणि बाजू रंधून काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. फट फार मोठी राहिली तर छऱ्यांची पकड सुटते आणि भरलेला खण एका अंगाने लचकतो. खणाच्या खोलीसाठी 20 इंची चॅनल घे, म्हणजे 500 मिमी.

उंचीत मात्र बदलाला भरपूर वाव ठेवता येतो, आणि तुला तोच हवा आहे. सांगाड्याची उंची 704 ठेव, म्हणजे बरोबर 22 वेळा 32, आणि आतून दर 32 मिमीवर एक आडवी रेघ धर. तीन खण करायचे तर दर्शनी फळ्या 128, 224 आणि 352 च्या. चार करायचे तर 128, 128, 192 आणि 256. वरचा 128 चा दोन्हींत तोच राहतो, तेव्हा चमचे-झाऱ्यांचा तो खण बिनधास्त आधी कर. प्रत्येक चॅनलची मधली रेघ त्या खणाच्या दर्शनी फळीच्या खालच्या कडेपासून 64 वर घे. मग आराखडा कसाही फिरला तरी सगळी चॅनलं 32 च्या रेघांवरच येतात. सांगाड्याच्या दोन्ही बाजू शेजारी-शेजारी आडव्या ठेवून या रेघा एकदमच मारून घे. वेगवेगळ्या मारल्या की एक बाजू हमखास खाली-वर होते.

चॅनलला लांबट आणि गोल अशी दोन्ही भोकं असतात. आधी फक्त लांबट भोकांत स्क्रू मार. त्यावर चॅनल सरकवून नीट बसवता येतं. गोल भोकांतले स्क्रू प्रसादरावांनी महिनाभर खण वापरून होकार दिल्यावरच. स्क्रू चपट्या डोक्याचे घे. डोकं वर राहिलं की आतली पट्टी त्याला घासते आणि खण पूर्ण मिटत नाही.

खणाच्या पेटीसाठी 12 मिमी सागवान चांगलं. डव्हटेलचा, म्हणजे कोपऱ्यात एकमेकांत अडकणाऱ्या तिरक्या दातांच्या सांध्याचा, उतार सागवानाला आठास एक ठेव. प्लायमध्ये डव्हटेल करू नकोस, पटाशी लागताच थर सुटतात. तळाची खोबण खालच्या कडेपासून 10 मिमीवर, 6 मिमी खोल, आणि रुंदी हातात असलेल्या प्लायच्या जाडीइतकी. 6 चा म्हणून घेतलेला प्लाय साडेपाच असला तर 6 च्या खोबणीत तळ खडखडतो. आतली रुंदी 514 येते, तेव्हा तळ 525 काप, अर्धा-अर्धा मिमी सैल. मागची फळी खोबणीच्या वरच्या कडेपर्यंतच ठेव, म्हणजे तळ मागून सरकवून दोन स्क्रूंनी धरता येतो. फेविकॉल तळाला अजिबात लावू नकोस. उद्या कुकरसाठी जाड तळ हवा असं ठरलं, तर पेटी न मोडता जुना तळ निघेल आणि खोबण वाढवून 9 चा बसेल. चिकटवताना दोन्ही कर्ण मोज. ते सारखे आले नाहीत तर लांब कर्णाच्या दोन टोकांना क्लॅम्प लावून हलकेच ओढ.

खालच्या खणांची उंची ठरवताना प्रसादरावांना मापं विचारू नकोस, भांडी विचार. कुकर शिट्टीसकट मोज, कढई कानांसकट, आणि वर बोटं शिरायला 20 मिमी सोड. पुठ्ठ्याची पेटी करून त्यात भांडी रचून दाखव. बहुतेक फेरफार त्या पुठ्ठ्यावरच उरकतील.

दर्शनी फळ्यांत 3 मिमी फट पुरते, पण त्या अखंड सागवानाच्या केल्यास चिपळूणचा पावसाळा लक्षात घे. लाकूड आडव्या रेषांचं असलं की उंचीत फुगतं. 352 ची फळी मे ते ऑगस्टमध्ये अडीच मिमीपर्यंत वाढू शकते. उन्हाळ्यात बसवणार असशील तर 5 सोड, नाहीतर व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लावलेला प्लाय घे. फळी आधी दुहेरी टेपने चिकटव, फट जुळली की आतून स्क्रू दे.

मुठीची भोकं अगदी शेवटी. 96 मिमीची मूठ बसवून नंतर 128 ची हवी झाली, तर जुनी भोकं नव्यांच्या आत 16 मिमीवर उघडी राहतात, आणि सागवानावर ती कितीही बुजवली तरी डोळ्याला टोचतात. तोवर टेपचा तुकडा दुमडून ओढायला लाव.

आतून चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या, पॉलिशचे दोन हात दे. तेल लावू नकोस, बंद खणात त्याचा वास बसतो. आतले विभाजक चिकटवायचे नाहीत, नुसते खाचेत उभे करायचे, म्हणजे प्रसादराव स्वतःच हवे तसे हलवतील. त्यासाठी 12 च्या उरलेल्या पट्ट्या जपून ठेव.

प्रसादरावांना नमस्कार सांग.

तुझे
बाबा