सापाच्या उलटीवर गुरांचं औषध नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परभणी जिल्ह्यात ३१ वर्षे पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो. गाई-म्हशींची पोटफुगी आणि शेळ्यांची हगवण यातच आयुष्य गेलं. सापाच्या पोटाविषयी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. पण थंडी सुरू झाली आहे, आणि गेल्या जानेवारीत आमच्या घरी जे घडलं ते दुसऱ्या कुणाकडे घडू नये म्हणून हे पत्र.

माझी नात सेलूला आमच्याकडे राहून शिकते. तिने बॉल पायथन पाळला आहे. मूळ आफ्रिकेतला, बिनविषारी साप. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर रीतसर नोंदवलेला. एका संध्याकाळी त्याने उंदीर गिळला आणि त्याच रात्री वीज गेली, ती पहाटेपर्यंत आलीच नाही. पेटीखालची हीट मॅट गार पडली. पुढच्या दोन रात्रीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी अर्धवट कुजलेला उंदीर पेटीत पडला होता आणि खोलीत थांबवत नव्हतं.

मग सल्ले सुरू झाले. कुणी हळदीचं दूध सिरिंजने पाजायला सांगितलं. कुणी तोंड उघडून दुसरा उंदीर आत ढकला म्हणालं. एका खासगी दवाखान्यात गुरांचं बत्तीसा चूर्ण सुचवलं, आणि खरं सांगतो, मी ती पुडी फोडायलाही घेतली होती. नातीने हात धरला. तिने पुण्यात असे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पेटीच्या उबदार कोपऱ्यात किती अंश आहे?" मोजलं तर २१ अंश सेल्सिअस. हवे होते ३१-३२.

गाईच्या अंगात पौष असो की वैशाख, १०१-१०२ अंश फॅरनहाइट उष्णता असतेच. सापाला ती बाहेरून घ्यावी लागते. ऊब मिळाली नाही तर पाचक रस काम करत नाहीत, भक्ष्य आतच कुजायला लागतं आणि साप ते बाहेर टाकतो. त्याबरोबर पोटातलं आम्ल वर येऊन अन्ननलिका पोळते. अशा वेळी लगेच खाऊ घातलं तर पुन्हा उलटी होते आणि साप खंगत जातो. दूध तर त्याला पचतच नाही.

आम्ही दोन आठवडे फक्त पाणी ठेवलं. मॅट इन्व्हर्टरवर घेतली आणि उष्णता ठरलेल्या अंशावर राखणारा थर्मोस्टॅटही बसवला, कारण तो नसला तर सापाचं पोट भाजतं. त्याला हाताळणं बंद केलं. पंधराव्या दिवशी नेहमीपेक्षा निम्म्या आकाराचा उंदीर दिला. तो पचला.

पाहुणे आले की साप उचलून दाखवायची हौस असते. खाल्ल्यावर दोन दिवस तरी ती आवरावी. बॉल पायथन थंडीत अनेक आठवडे खात नाही, कात टाकण्याआधी डोळे निळसर झाले की तेव्हाही तोंड फिरवतो. वजन टिकून असेल तर दम धरावा. त्यासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, दर आठवड्याला आकडा लिहून ठेवायचा. जिवंत उंदीर मात्र पेटीत रात्रभर सोडू नये, भूक नसलेल्या सापालाच तो कुरतडतो.

पेटी उबदार असूनही वारंवार उलटी होत असेल आणि शरीराच्या मध्यभागी सूज दिसत असेल, तर प्रकरण वेगळं आहे. नांदेडच्या एका मुलाच्या कॉर्न स्नेकला (हाही विदेशी, बिनविषारी साप) तसं झालं. क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीने जठराचं अस्तर जाड होतं. त्यावर खात्रीचा इलाज नाही, पण विष्ठा तपासून वेळीच कळलं तर घरातले बाकीचे साप वेगळे ठेवता येतात. त्या मुलाला विष्ठा कुठे तपासायची हे समजेपर्यंत साप गेला, आणि मग दुसराही.

नाग, धामण, मांडूळ असे आपल्याकडचे साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, ते कुणी पाळूच नयेत. पण नोंदणी केलेले विदेशी साप आता आपल्या गावांतही आले आहेत. आजारी जीव घेऊन पुण्यापर्यंतचा प्रवास थंडीत करायचा, हे त्याला सोसत नाही. माझी विनंती आहे की परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयांनी आठवड्यातला एक दिवस सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी राखून ठेवावा, विष्ठा तपासणीसह, आणि तो वार आपल्या वृत्तपत्रातून जाहीर करावा. या पौषाआधी झालं तर फार बरं होईल.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
सेलू, जि. परभणी