पहिल्याच मीटिंगवरून ठरवू नका

महोदय,
दारू सोडू पाहणारा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (दारू सोडू पाहणाऱ्यांच्या आधारगटांची संघटना) एका मीटिंगला जातो, मन रमत नाही, पुन्हा फिरकत नाही. याचेच फार वाईट वाटते. पाच-सहा समूह पाहिल्याशिवाय मत बनवू नये. बंद मीटिंग फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांची. खुल्या मीटिंगला घरचेही बसू शकतात. कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटना आहे. फी नसते, पूर्ण नाव सांगावे लागत नाही. मीटिंगची वेळ शक्यतो नेहमीच्या पिण्याचीच निवडावी. मीटिंग संपताच निघू नये, चहाला थांबावे. जुन्या सदस्यांचे फोन नंबर तिथेच मिळतात. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, झटके, भास जिवावर बेतू शकतात. त्यासाठी आधी डॉक्टर गाठावा, मीटिंग सोबतीने चालू ठेवावी.

– एक वाचक, पुणे