जोड कोण ठरवतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्यावसायिक बॉक्सिंगमधल्या जगज्जेतेपदाच्या लढती हल्ली रटाळ का होतात, यावर आपल्या क्रीडा पानावर लेख आला होता. सगळा दोष बॉक्सरच्या माथी मारलेला. आजचे बॉक्सर म्हणे हरायला भितात, शून्य पराभवांचा आकडा जपत बसतात. हौशी बॉक्सिंगमध्ये बरीच वर्षं पंचगिरी केल्यामुळे मला हे पटलं नाही. समोर कोण उभा राहणार हे बहुतेक वेळा बॉक्सरच्या हातात नसतंच. ते लढत भरवणारा प्रमोटर ठरवतो, आणि त्या शून्यावर पैसे त्याने लावलेले असतात.

अमेरिकेचा मेवेदर आणि फिलिपिन्सचा पॅक्वियाओ यांचंच घ्या. २००९ साली दोघं ऐन भरात होते, तेव्हा लढतीची बोलणी सुरू झाली. आधी उत्तेजकांसाठीच्या रक्तचाचणीवरून फिसकटली. पॅक्वियाओचे प्रमोटर बॉब अरम हे मेवेदरचे जुने प्रमोटर. २००६ मध्ये साडेसात लाख डॉलर मोजून मेवेदर त्यांच्याकडून मोकळा झाला होता. ही अढीही मधे होतीच. अखेर लास व्हेगासला २ मे २०१५ रोजी लढत झाली, आपल्याकडे रविवारची सकाळ. मेवेदर ३८ वर्षांचा, पॅक्वियाओ ३६ चा आणि खांदा दुखावलेला. बारा फेऱ्यांत ठिणगी काही पडली नाही. गल्ला मात्र विक्रमी जमला. प्रमोटर आता छाती काढून सांगतात की थांबलो म्हणून भाव आला. धंद्याच्या हिशेबाने ते चूकही नसेल, पण मग बॉक्सरला भित्रा कशाला म्हणायचं?

यात भर जगज्जेतेपदाचे पट्टे देणाऱ्या चार संस्थांची. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. प्रत्येकीचा विजेता वेगळा, क्रमवारी वेगळी, आणि बॉक्सरच्या मानधनातला साधारण तीन टक्क्यांचा वाटाही प्रत्येकीला हवा. युक्रेनच्या उसिकने १८ मे २०२४ ला रियाधमध्ये ब्रिटनच्या फ्युरीला हरवून चारही पट्टे एकत्र आणले. हेवीवेट या सर्वांत वरच्या वजनगटात १९९९ नंतर, म्हणजे लेनॉक्स लुईसनंतर, पहिला निर्विवाद विजेता. पुढच्याच महिन्यात त्याला आयबीएफचा पट्टा सोडावा लागला, कारण फ्युरीशी परतीची लढत ठरलेली आणि संस्थेचा ‘अनिवार्य आव्हानवीर’, म्हणजे ज्याच्याशी विजेत्याला लढावंच लागतं तो, रांगेत उभा. पट्टा गेला डॅनिएल दुबॉइसकडे. याच दुबॉइसला उसिकने आदल्या वर्षी नवव्या फेरीत गारद केलं होतं!

क्रमवारीचं तर विचारूच नका. डॅरिन मॉरिस हा अमेरिकन बॉक्सर २००० साली वारला, तरी डब्ल्यूबीओच्या सुपर मिडलवेट यादीत तो पुढे वर सरकत पाचव्या क्रमांकावर पोचला. आयबीएफचे संस्थापक रॉबर्ट ली यांच्यावर क्रमवारीसाठी पैसे घेतल्याचा खटला चालला. बऱ्याच आरोपांतून ते सुटले, करचुकवेगिरी आणि काळा पैसा पांढरा करण्याच्या आरोपांत मात्र दोषी ठरले.

आता आपल्या मुंबईकडे येतो. ५ ऑगस्ट २०१७ ला वरळीच्या एनएससीआयमध्ये विजेंदर सिंग विरुद्ध चीनचा झुल्पिकार मैमैतिअली ही लढत झाली. पट्टे पुन्हा दोन, एशिया पॅसिफिक आणि ओरिएंटल असे प्रादेशिक, दोन्ही त्याच डब्ल्यूबीओचे, त्याच सुपर मिडलवेट गटातले. डोकलामवरून भारत-चीन तणावाचे दिवस होते, हवा तापलेली. दोघांच्याही खात्यात तेव्हा दहा व्यावसायिक लढती नव्हत्या. पण जोड बरोबरीची होती, आणि म्हणून दहाव्या फेरीपर्यंत कुणाला निकाल सांगता येत नव्हता. जजांचे गुणतक्ते आले विजेंदरच्या बाजूने ९६-९३, ९५-९४, ९५-९४. कमरेखाली मारल्याबद्दल रेफरीने मैमैतिअलीचा एक गुण कापला होता. तो कापला नसता तर दोन तक्त्यांवर बरोबरी झाली असती. विजेंदरचा ‘शून्य’ मुंबईत गेला असता तर प्रमोटरची झोप उडाली असती, पण विजेंदरच्या भारतातल्या लढतींत मला तरी हीच सर्वांत सरस वाटते.

नवख्याला सुरुवातीला सोपे प्रतिस्पर्धी देतात, त्यात वावगं काही नाही. आपल्या कुस्तीच्या फडातही पोरगा तयार होईपर्यंत जोड बघूनच लावतात. पण तिथे इनामाच्या कुस्तीला बरोबरीचा नसलेला मल्ल उभा केला तर पब्लिक तिथल्या तिथे ओरडतं, आणि नुरा, म्हणजे आधीच ठरवलेल्या, कुस्तीचा वास आला तर यात्रा कमिटीला दुसऱ्या वर्षी गावात तोंड दाखवणं जड जातं. बॉक्सिंगमध्ये ओरडायचं कुणाकडे? अमेरिकेत २००० साली मोहम्मद अलींच्या नावाचा कायदा झाला. प्रमोटर आणि मॅनेजर यांच्यात आर्थिक लागेबांधे नसावेत आणि प्रमोटरने आपली कमाई बॉक्सरपुढे उघड करावी, असं त्यात आहे. त्यानेही सगळं सुधारलं नाही, पण विचारायला जागा तरी झाली.

आपल्याकडे निदान वर्तमानपत्रांनी विचारावं. प्रादेशिक पट्टा जिंकला की दुसऱ्या दिवशी ‘भारतीय बॉक्सर जगज्जेता’ असा मथळा येतो, आणि प्रमोटरला फुकटात जाहिरात मिळते. माझी विनंती एवढीच, की किताबी लढतीच्या बातमीखाली एक चौकट द्या: पट्टा कोणत्या संस्थेचा आणि कोणत्या पातळीचा, प्रतिस्पर्धी क्रमवारीत कितवा, त्याच्या मागच्या तीन लढतींचं काय झालं, आणि दोघांचा प्रमोटर एकच आहे का. जागा कमी पडली तर फोटो लहान करा. खांद्यावर पट्टा टाकून बोट वर केलेला फोटो तसाही दर वेळी सारखाच असतो.

आपला,
एक जुना पंच, परळ, मुंबई