परतावा मागा, हे उत्तर नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला पगारावरील टीडीएसचा, म्हणजे पगारातून आधीच कापल्या जाणाऱ्या प्राप्तिकराचा, लेख वाचला. नोकरदार मंडळी नव्या दरांप्रमाणे कपात वेळीच बदलून घेत नाहीत आणि मग परताव्यासाठी ताटकळत बसतात, असे लेखकाचे म्हणणे. ते वाचून संताप आला. एप्रिलमध्ये आम्हाला फक्त जुनी करप्रणाली हवी की नवी एवढेच विचारतात. जुनी असेल तर गुंतवणुकीचा तपशील द्यायचा. काहीच कळवले नाही तर नवी धरतात. पुढचा सगळा हिशेब पेरोलवाल्यांचा, म्हणजे पगार काढणाऱ्यांचा. त्यात नोकरदाराने काय बदलून घ्यायचे?

माझेच सांगते. माझा वार्षिक पगार १३ लाख, नवी प्रणाली. गेल्या वर्षी, २०२४मध्ये, २३ जुलैच्या अर्थसंकल्पात प्रमाणित वजावट (पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम) ५० हजारांवरून ७५ हजार झाली, कराचे टप्पेही बदलले आणि हे सगळे १ एप्रिल २०२४पासूनच लागू झाले. माझा वर्षाचा कर १,०४,००० वरून ८८,४०० वर आला. ऑगस्टच्या पगारातून जुनाच आकडा कापला गेला तेव्हा मी गप्प बसले, कारण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी त्याच महिन्यात मिळाली होती. सप्टेंबरच्या पगारपत्रकावरही तेच ८,६६७ रुपये. तोवर जास्त कापलेले वळते करून उरलेल्या सात महिन्यांत महिना साधारण ६,४४० कापायला हवे होते. मी हिशेब कागदावर मांडून एचआरकडे दिला. त्यांनी पेरोल बघणाऱ्या बाहेरच्या एजन्सीकडे बोट दाखवले. एजन्सीचे उत्तर आले, ‘जानेवारीत प्रूफ घेताना बघू.’ जानेवारीत मी पुन्हा विचारले तर म्हणाले, ‘आता राहू द्या मॅडम, रिटर्न भरलं की रिफंड येईलच.’

आता मे उजाडला. माझे १५,६०० रुपये अजून सरकारजमाच आहेत. फॉर्म १६, म्हणजे कापलेल्या कराचा मालकाकडून मिळणारा दाखला, जूनच्या मध्यापर्यंत येणार, मग रिटर्न, मग परतावा. वेळेत रिटर्न भरणाऱ्याला परताव्यावर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळते, पण तेही वर्ष संपल्यावर, १ एप्रिलपासून. वर्षभर दरमहा जे जास्त कापले गेले त्याचे त्या काळातले व्याज कोणीच देत नाही. आगाऊ कर भरायला आपण चुकलो तर मात्र महिन्याला एक टक्का मोजावा लागतो. महिन्याचे ते तेराशे रुपये म्हणजे माझ्या मुलीच्या क्लासच्या फीचा हप्ता होता.

आणि कायदा याबाबत मुळीच संदिग्ध नाही. १९६१च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९२ प्रमाणे मालकाने वर्षाच्या अंदाजी उत्पन्नावर सरासरी दराने कर कापायचा असतो. आधी जास्त किंवा कमी कापला गेला असेल तर त्याच वर्षाच्या पुढच्या कपातीत तो कमीजास्त करायची मुभा त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात आहे. जानेवारीतसुद्धा दोन पगार हातात होते. रिफंड येईलच, हे सांगणे म्हणजे स्वतःचे काम माझ्या गळ्यात टाकणे आहे.

यंदा, २०२५-२६मध्ये, तर आणखी वाईट. १२ लाखांपर्यंत कर नाही, पगारदारांना १२ लाख ७५ हजारांपर्यंत, हे सगळ्यांना पाठ झाले आहे. पण त्याच्या थोडे पुढे जे आहेत त्यांचे काय? माझा पगार अजून १३ लाखच आहे. वजावटीनंतर करपात्र उत्पन्न १२,२५,००० होते. टप्प्यांप्रमाणे कर ६३,७५० येतो, पण मार्जिनल रिलीफमुळे, म्हणजे मर्यादेच्या थोडे वर असणाऱ्यांना मिळणाऱ्या सवलतीमुळे, तो १२ लाखांवरच्या २५ हजारांपेक्षा जास्त असू शकत नाही. उपकरासह २६,००० रुपये, म्हणजे महिना साधारण २,१६७. एप्रिलच्या पगारपत्रकावर ५,५२५ कापले आहेत. रिलीफ धरलेलाच नाही. मी लगेच मेल केला आहे. या वेळी जानेवारीपर्यंत थांबणार नाही.

जाता जाता आपल्या लेखातल्या तक्त्याबद्दल. त्यात १३ लाख पगारापुढे ६६,३०० रुपये कर छापला आहे. ही तीच चूक आहे. १३ लाख २० हजारांच्या ओळीतही रिलीफ विसरला गेला आहे. तिथे टप्प्यांनुसार येणारा ६६,७५० मूळ कर धरून उपकरासह ६९,४२० छापले आहेत. प्रत्यक्षात मूळ कर ४५,००० आणि उपकरासह ४६,८०० हवा. पेरोलवाल्यांशी बोलताना लोक अशी कात्रणे पुढे करतात, आणि उद्या माझ्या मेलच्या उत्तरात तेच कात्रण मला दाखवले जाईल अशी मला धास्ती आहे. कृपया दुरुस्ती त्याच पानावर, तक्त्यासकट छापावी, कोपऱ्यात दोन ओळींत नको. आणि ती मेचे पगार निघण्याआधी छापलीत तर फार उपकार होतील.

आपली,
एक नोकरदार वाचक, डोंबिवली